पेटीच्या पायाशी

३० मार्च

आजवर मी माझ्या हातानं केलेल्या वस्तू, कुणाची मदत न घेता:

जळालेल्या मोटरीत तार भरायचं यंत्र, जुन्या सायकलच्या चाकावर.
डिंगोऱ्याच्या डेअरीचं दूध गार करायचं टाकं, बंद पडलेल्या आइस्क्रीमच्या फ्रीजरमधून.
तमाशाच्या फडासाठी राहुटीतला कूलर, ड्रमचा. फड मोडला, कूलर अजून चालतो असं ऐकतो.
वारूळवाडीच्या विहाराचं गेट. चक्राचे आरे चोवीस, एकही वाकडा नाही. कुणीही पट्टी लावून बघावी.
घराचा लोखंडी जिना.
शेवयांची मशीन. वैजयंती म्हणते ही यादीत घालू नका, ती दोनदाच चालली.
आणि शीतपेटी.

लोक तिला मयताची पेटी म्हणतात. मी शीतपेटी म्हणतो आणि पावतीवरही तेच लिहितो. लेक सुरतेला, पोरगा दुबईला, आणि इकडं म्हातारं गेलं, तर ती माणसं येईपर्यंत मयत नीट राहावं म्हणून ही पेटी. आत स्टीलचा ट्रे, चारी बाजूंनी गारवा धरणारा पफ फोम, वर ॲक्रिलिकचं झाकण. कॉम्प्रेसर, जाळी आणि पंखा मी पायाकडं घेतला, कारण डोक्याशी लोक तोंड बघायला वाकतात, तिथं घरघर नको. बाहेरून येणाऱ्या तयार पेट्या कडक उन्हाळ्यात मान टाकतात, ट्रेवर पाणी सुटतं. मी कॉम्प्रेसरच दीडपट घेतला. आत तीन डिग्री म्हणजे तीन. आकडा हलत नाही.

मी नववी नापास. लोक हे माझ्या माघारी बोलतात, म्हणून मीच आधी लिहून ठेवतो.

४ एप्रिल

शेडमध्ये दिवसभर पेटी चालवून बघितली. बाहेर पत्र्याला हात लागत नव्हता, आत तीन. समाधान झालं.

दुपारी येऊन बघतो तर वैजयंतीनं पेटीच्या पायाशी, पंख्यासमोर, कागद अंथरून कुरडया घातलेल्या.

"गच्चीवर धूळ बसते. इथं बघा, जेवणं होईस्तोवर कडक झाल्या."

"अगं ही काय वाळवणाची जागा आहे?"

"अजून मयत कुठं ठेवलंय? नवी कोरी आहे. तुमची पेटी काय नुसती मेलेल्यांच्याच कामाची का?"

मी तिला नीट समजावून सांगितलं. आतली गरमी नाहीशी होत नाही, ती मागं फेकावी लागते. आत जेवढं गार, मागं तेवढं गरम. मागची हवा अशी भाजणारी निघाली म्हणजे मशीन खणखणीत आहे. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, घरातल्या कूलरचा पंप कधी होणार. म्हटलं, बघतो.

संध्याकाळी झाकणावर नियम चिकटवले. पेटी उन्हात ठेवू नये. दारं-खिडक्या बंद ठेवाव्यात, बाहेरची झळ आत येता कामा नये. झाकण विनाकारण उघडू नये. आकडा पाचच्या वर गेल्यास मला फोन करावा. अक्षर माझं. वैजयंतीनं एक वेलांटी दुरुस्त केली.

१४ एप्रिल

जयंती. कमिटीनं सकाळची फेरी रद्द केली, मिरवणूक दिवस मावळल्यावर. डांबर चपलेला चिकटत होतं. विहारात वंदना घेतली, गेटच्या बिजागऱ्यांना तेल दिलं.

स्नेहाचा फोन आला. स्नेहा माझ्या धाकट्या बहिणीची, कल्याणीची मुलगी. पुण्यात एका मोठ्या दवाखान्यात नर्स आहे. जय भीम झालं आणि म्हणाली, "मामा, पप्पांना जरा सांगा ना. दुपारची ड्यूटी सोडा म्हणावं. पत्र्याच्या केबिनमध्ये बसतात. माझं ऐकत नाहीत."

दाजी पुण्यात एका सोसायटीच्या गेटवर वॉचमन आहेत. बिऱ्हाड मंचरला, आठवड्यातून एकदा येतात.

म्हटलं, "अगं, त्यांनी रानात नांगर धरलाय. त्यांना उन्हाचं काय सांगायचं?"

"मामा, इथं रात्रीसुद्धा उतरत नाही. भिंती तापलेल्या, पत्रे तापलेले. शरीराला सुट्टीच नाही. वॉर्डात रोज म्हातारी माणसं येतायत, रोज जातायत. कागदावर काय, तर हार्ट. नाहीतर किडनी. ऊन असं कुठंच लिहीत नाहीत."

"जे लिहिलेलंच नाही ते खरं कशावरून धरायचं?"

तिनं फोन ठेवला. माझा मुद्दा बिनतोड होता.

दाजींना फोन करायचा राहिला. उद्या करीन.

१७ एप्रिल

काल पेटी जुन्नरला गेली. गेणभाऊ भाजीवाले. दुपारी गाळा बंद करून घरी आले, पाणी मागितलं, आणि पाणी येईपर्यंत आडवे झाले. मुलगी सुरतेहून यायची होती.

टेंपो जानकूचा. तो घाटाकडचा. एरवी मुका म्हणून प्रसिद्ध आहे, माझ्याशी मात्र तोंड थांबत नाही. "भाऊ, माझी गाडी म्हंजी आता यमाचा रेडाच झाली राव. फक्त डिझेल पितो एवढंच."

पेठेच्या मागच्या अंगाला त्यांची खोली, वर पत्रा. मुलगा सोपान म्हणाला, "भाऊ, खिडकी ऱ्हाऊ द्या ना, बोळातनं वारं येतं." मी नियमावर बोट ठेवलं. त्यानं मुकाट्यानं लावली.

गेणभाऊंची बायको कोंडाबाई पायाशी बसली. आपल्याकडं सगळ्या समाजात बायकोची जागा तीच. मयत उठेपर्यंत ती उठत नाही. घरात चूल नाही, पोटात अन्न नाही. पाणीसुद्धा ओठाला लावण्यापुरतं, कारण पोटात पाणी गेलं की उठावं लागतं. रात्रभर तिथंच. एकदा "लई उकडतंय गं" म्हणाली, तर शेजारणीनं पदरानं वारं घातलं. बायका दाटीवाटीनं बसलेल्या, म्हणून उकडत असणार.

आज दुपारी मुलगी आली. गेणभाऊंचं तोंड जसंच्या तसं. मुलगी माझे हात धरून रडली. म्हणाली, झोपल्यासारखे दिसतायत. मी आकडा बघितला. तीन.

२० एप्रिल

कोंडाबाई गेल्या. जानकूनं सांगितलं. परवापासून ताप, बरळणं, काल संध्याकाळी संपलं. बायका म्हणतात नशीबवान, नवऱ्याच्या मागोमाग गेली.

पेटी मागवली नाही त्यांनी. लगेच उचललं. माझ्याकडून काही कमी पडलं का, हे विचारावंसं वाटलं. जुन्नरपर्यंत गेलो आणि बाजारात कॉपरची नळी घेऊन परत आलो.

२४ एप्रिल

पुण्याहून एक जण आला. नाव सार्थक. तिशीचा, पांढरे बूट. अंत्यविधीच्या सामानाचा आणि गाड्यांचा धंदा करतो. मला काका म्हणतो. मी काय याचा काका?

पेटी चहूबाजूंनी बघितली. पत्र्याच्या शेडमध्ये, भर दुपारी, आत तीन. दोनदा हात घालून खात्री केली. मग खुर्चीवर पुढं सरकून बसला.

"काका, आमच्या पेट्या ऐन सीझनमध्ये बसतात. आणि सीझन तर वाढतच चाललाय."

"कसला सीझन?"

"पारा चढला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून आमचे फोन वाढतात. आठवडाभर वाढलेले राहतात. रात्र गरम राहिली तर विचारूच नका. वस्त्यासुद्धा ठरलेल्या, सगळ्या पत्र्याच्या. मी हवामानाचा अंदाज बघून ड्रायव्हर लोकांच्या सुट्ट्या ठरवतो."

पोरगा हुशार आहे. स्नेहा म्हणते तेच हा म्हणतो, फक्त हसत म्हणतो. एवढं ठाऊक आहे तर हा कुणाला सांगत का नाही, असं एकदा मनात आलं. पण तो पेट्यांचं बोलायला आला होता.

त्याला चोवीस हव्यात. नाव मात्र त्याच्या कंपनीचं. मी म्हणालो, पेटीवरच्या पट्टीवर माझं नाव राहील, नाहीतर नको. "काका, ब्रँडचा प्रश्न असतो." म्हटलं, असू द्या. विचार करून कळवतो म्हणाला.

तो गेल्यावर पुण्यातल्या चोवीस घरांत माझ्या नावाची पट्टी कशी दिसेल ते डोळ्यांसमोर येत राहिलं. शाळेतले मास्तर आज हयात असते तर. रात्री झोप नाही. घरात उकाडा. वैजयंती अंधारात म्हणाली, "मयताला गारेगार, आणि जित्यांचा पंप गेलेला."

२८ एप्रिल

आळे. साळुबाईंचे मालक. पुन्हा पत्र्याची खोली, पुन्हा मुलगा लांबून यायचा. आकडा तीन. साळुबाई पायाशी. निघताना त्यांनी मला पाणी विचारलं. स्वतः घेतलं नाही.

२ मे

साळुबाईसुद्धा गेल्या.

नारायणगावच्या स्टँडवर चहा पीत होतो. जानकू बशीत फुंकर मारत बसलेला. मग म्हणाला, "भाऊ, राग नका मानू. लोकं म्हणत्यात, ही पेटी एकाला न्हेत न्हाई. जोडीनं न्हेती."

"आणि तू?"

"मी न्हाई म्हणत. पण आमच्या कारभारणीनं गाडीला लिंबू बांधलंय."

मी उठून टेंपोचं लिंबू-मिरची तोडून गटारात टाकलं. सगळ्या स्टँडादेखत. छप्पन्न साली आमच्या आजोबांनी घरातले देव नदीला सोडले. बावीस प्रतिज्ञा आमच्या भिंतीवर फ्रेममध्ये आहेत. आणि माझ्या पेटीला लोक चेटूक चिकटवणार? पेटीला काय दात आहेत?

जानकू उठला. चहाचे पैसे त्यानंच दिले.

शांतपणे विचार केला. दोघी सत्तरीच्या. दोघींना बीपी. धक्का बसतो, माणूस खचतं. बाकी ज्या घरांत पेटी गेली तिथं तर काहीही झालं नाही. (ती घरं स्लॅबची होती. एका ठिकाणी तर पेटी ओट्यावरच ठेवली होती, दार मोठं नव्हतं म्हणून.) तेव्हा पेटीचा संबंध येत नाही. प्रश्न संपला.

पुन्हा पुन्हा उठून शेडमध्ये जातो. आवळलेले नट आवळतो.

६ मे

चार दिवस एकही फोन नाही. मयतं होतायत, शिंगाचा आवाज येतो, पण मला कुणी बोलवत नाही. परवा आळेफाट्यावर एका घरात बर्फाच्या लाद्या लावल्या म्हणे. बर्फाच्या! पाणी सगळ्या घरभर.

सार्थकचा निरोप आला. नावाचं बघू म्हणतो. आता तो बघू म्हणतोय म्हणजे होईल.

८ मे

दाजी गेले.

दुपारच्या ड्यूटीवर, केबिनमध्ये, खुर्चीत बसल्या बसल्या. लोकांना वाटलं डुलकी लागलीय. गाडी येऊन हॉर्न वाजवत राहिली तेव्हा कळलं.

मी फोन केला नव्हता.

भाचा फौजेत, आसामला. उद्या रात्री पोचतो. पेटी घेऊन मंचरला निघतोय. जानकू बोलवायच्या आत गाडी घेऊन दारात उभा होता. गाडीला लिंबू नव्हतं.

१० मे

कालचं आज लिहितो. क्रमानं लिहितो, नाहीतर मला ते नीट दिसणार नाही.

परवा रात्री कल्याणीच्या खोलीत पेटी मी स्वतः लावली. पाण्याची लेव्हल लावून, चारी पाय सारखे करून. दाजींना आत ठेवताना कॉलर नीट केली. आकडा तीनवर आला. मग खिडक्या लावल्या, कड्या घातल्या, फटीत कागद कोंबला. माझ्या बहिणीच्या घरी कसर राहता कामा नये. कल्याणी पायाशी बसली. मी बाहेर मांडवात, पुरुषांत. आमच्यासाठी कुणीतरी मोठा पंखा आणून लावला होता.

स्नेहा पुण्यातलं कागदांचं काम उरकून पहाटे आली. आत गेली आणि पहिलं काम म्हणजे खिडकी उघडली. मी लावली. सकाळी पुन्हा उघडली. मी पुन्हा लावली. तेव्हा ती मला दारात गाठून म्हणाली, "मामा, आत जिवंत माणसं बसलीत."

"आणि झळ लागून आकडा चढला तर? तुझा भाऊ एवढ्या लांबून येतोय. बापाचं तोंड बघण्यासारखं राहायला पाहिजे ना त्याला?"

ती आईजवळ जाऊन बसली. तिचेही वडील होते ते. खिडकी लावलेलीच राहिली.

दुपारी एक बाई दारात आली. "अवं, जरा आत या. कल्याणी कायबी बोलतीया."

मी गेलो. कल्याणी पेटीला टेकून बसलेली, डोळे उघडे. माझ्याकडं बघून म्हणाली, "दादा, म्हैस सोडली का रं? आई ओरडंल." आईला जाऊन वीस वर्षं झाली, म्हैस त्याच्याही आधी विकली.

स्नेहानं तिच्या काखेत हात घातला आणि किंचाळली. "घाम नाही! मामा, हिला घामच नाही! बर्फ आणा कुणीतरी!"

जानकू पळाला. कोल्ड्रिंकच्या दुकानात लाईट नव्हती, जिथं लाईट होती तिथला बर्फ सकाळीच संपला होता. ॲम्ब्युलन्सला फोन झालेला, ती निघालेली. स्नेहानं कल्याणीला दारापाशी ओढलं, अंगावर घागर ओतली, खिडक्या धाडधाड उघडल्या. घागरीतलं पाणीही कोमट. मग ती वळली आणि पेटीकडं बघितलं.

"झाकण उघडा."

मी जागचा हललो नाही. खोटं कशाला लिहू? माझी नजर माझ्या नियमावर गेली.

"मामा, उघडा!"

उघडलं. तिनं टॉवेल, साड्या, हाताला येईल ते भिजवून पिळलं आणि ट्रेवर, दाजींच्या दोन्ही अंगांना, लावून ठेवलं. एक गार झालं की काढायचं, कल्याणीच्या काखेत, मानेला, मांडीला, आणि दुसरं आत. मीही तेच करायला लागलो. मागून कुणी म्हातारी म्हणाली, "मयताला शिवलेलं फडकं जित्या बाईला लावत्यात व्हय?"

स्नेहा वर न बघता म्हणाली, "तिच्या नवऱ्याचंच आहे."

 मग एकेक बाई उठून बादल्या भरायला लागली.

आकडा पाच झाला, नऊ झाला, तेरा. मी बघत होतो, मग बघायचं सोडलं.

फडकी ठेवता ठेवता मी पायाकडं आलो, कल्याणी बसली होती तिथंच गुडघ्यावर टेकलो, आणि पंख्याची हवा तोंडावर आली. डोळे मिटले आपोआप. पेटी मी बनवली. तिचा एकेक स्क्रू मी बसवलाय. पण बंद खोलीत तिच्या पायाशी मी आजवर कधी बसलो नव्हतो.

कुरडया.

ॲम्ब्युलन्स आली. सरकारी दवाखान्यात सलाईन लागलं. भाचा रात्री पोचला. दाजींचं तोंड नीट होतं. कुणाला काही फरक कळला नाही.

१२ मे

कल्याणी शुद्धीवर आहे. डॉक्टर म्हणाले अजून थोडा उशीर झाला असता तर अवघड होतं, किडनीवर लक्ष ठेवावं लागेल. स्नेहानं डॉक्टरांना विचारून कागदावर 'उष्माघात' लिहून घेतलं. ते लिहून होईपर्यंत टेबलाशेजारून हलली नाही.

मी कॉटशेजारी बसलो. म्हटलं, "अगं एवढं भाजत होतं तर उठायचं नाही का? सांगायचं नाही?"

ती माझ्याकडं वळली. मग म्हणाली, "दादा, पेटीतनं गरम येत व्हतं ना, मला वाटलं ह्यांचं पाय अजून गरम हायेत. मग कसं उठायचं?"

मी बाहेर व्हरांड्यात आलो. कुठल्या तरी माणसानं विचारलं, पावणं, चहा घेणार का. मी हो म्हणालो आणि पायऱ्या उतरून चालत सुटलो, ते बाजारपेठ संपेपर्यंत.

१४ मे

शेडची दारं लावली, फटी बुजवल्या, पेटी चालू केली. एक थर्मामीटर पंख्यासमोर टांगला. आजवर एकच थर्मामीटर होता, पेटीच्या आत. पाणी न पिता पायाशी बसलो. ठरवलं होतं, एक रात्र.

एक दुपारसुद्धा निघाली नाही. वैजयंतीनं दार लाथेनं उघडलं आणि अख्खी बादली अंगावर ओतली. "मरायचं असलं तर दुसरीकडं जाऊन मरा. मला पायाशी बसवू नका." नंतर जिन्यावर बसून रडली.

थर्मामीटरचा आकडा इथं लिहीत नाही. मला तो पाठ झालाय.

१७ मे

जुन्नरला सोपानकडं गेलो. चहाच्या आधीच सांगायचं ठरवलं होतं.

"सोपान, तुझ्या आईचं... ती खिडकी मी बंद करायला लावली. पेटीची गरम हवा खोलीत साचत होती. तुझी आई त्या हवेत बसली रात्रभर."

तो भाजीची जुडी बांधत होता. "अवं भाऊ, आईचं वय झालं व्हतं."

"वयानं नाही गेली. मी तपासलंय."

"डॉक्टरनी लिवून दिलंय की, हार्ट म्हणून." त्यानं जुडी बाजूला ठेवली. "तुमी कशापायी जीव जाळून घेताय? आमच्या आबांचं तोंड बहिणीला बघाया मिळालं. तेवढं पुष्कळ झालं. चहा घ्या."

मी पुन्हा सांगितलं. त्यानं पुन्हा चहा पुढं केला. चार जण ऐकत होते, त्यांतला एक म्हणाला, म्हणजे पेटी जोडीनं नेते ते खरंच की. मी म्हणालो, हो. खरं आहे. फक्त का नेते ते तुम्हाला ठाऊक नव्हतं, आणि मला ठाऊक होतं.

आळ्याला जायचं अजून बाकी आहे.

२१ मे

घरातल्या कूलरचा पंप बसवला. अर्ध्या तासाचं काम होतं.

पेटी फोडली. कॉम्प्रेसर, जाळी, पंखा सगळं वेगळं करून लोखंडी खोक्यात घेतलं. मधे लांब नळी, वरून इन्सुलेशन. खोकं खिडकीबाहेर किंवा दाराबाहेर टांगायचं, गरम हवा बोळात. पेटीला बाहेरून दुसरा थर्मामीटर लावला, बसलेल्या माणसांना दिसेल असा मोठा. नळी लांबल्यामुळं आत तीन येत नाही, साडेचारवर थांबतो. थांबू दे.

जानकूनं बघून घेतलं. "भाऊ, पेटीला शेपूट फुटलं राव."

"चालेल का?"

"गाडीत मावलं पायजे एवढंच." मग म्हणाला, "आन् खिडकी उघडी ठिवायची ना आता?"

नियमांचा कागद खरवडून काढला. नव्या कागदावर पहिला नियम: पायाशी बसणाऱ्या बाईला दर थोड्या वेळानं पाणी द्यावं, ती नको म्हणाली तरी. या वेळी वैजयंतीनं वेलांटी बघितली नाही. ती नुसती वाचत उभी राहिली.

कल्याणी घरी आली. थोडं बोललं की दमते.

२४ मे

सार्थक आला. पिशवीत पितळी पट्टी, नमुन्याची, माझं नाव कोरलेलं. अक्षर सुरेख. मी तिच्यावरून अंगठा फिरवला, ते त्यानं बघितलं.

मी नवी पेटी दाखवली. त्यानं नळीकडं बघितलं, खोक्याकडं बघितलं.

"काका, हे नको. मला जुनीच हवी, आतमध्ये तीन वाली. याला खिडकी लागते. वस्तीतल्या खोलीला खिडकी कुठं असते?"

"म्हणूनच जुनी देत नाही."

मी त्याला सगळं सांगितलं. कोंडाबाई, साळुबाई, माझी बहीण. ऐकताना त्यानं मोबाईल उलटा ठेवला, एवढं त्याचं म्हणायला हवं. मग हळू आवाजात म्हणाला, "काका, खरं सांगू? तिथं आधीच इतकं तापलेलं असतं की पेटीची हवा कुणाच्या लक्षातही येणार नाही. आणि बिलावर पेटीत कोण आहे तेवढंच येतं. बाजूला कोण बसलंय ते कुठं येतं?"

"तुला फोन येतात ना? एकाच घरातून दुसऱ्यांदा?"

त्यानं मोबाईल खिशात घातला. उठताना पट्टी टेबलावरच राहिली. मी हाक मारून त्याच्या हातात दिली. वैजयंती जिन्यावर उभी होती, सगळं ऐकत. तो गेल्यावर म्हणाली, "जेवायला चला." कूलर चालू होता.

मी नाकारलेला प्रस्ताव: शीतपेट्या चोवीस, जुन्या पद्धतीच्या, पंखा पायाकडं, पुढचा उन्हाळा लागायच्या आत. प्रत्येकीवर पितळी पट्टी, निर्माता धम्मपाल, वारूळवाडी. रक्कम एकोणीस लाख ऐंशी हजार रुपये.